लाल गाठीतली पकड

मी पकड बोलतेय. चुलीवरचं पातेलं उतरवणारी नव्हे, तर पोट शिवताना सुई धरणारी. घानाच्या उत्तरेला, बोल्गाटांगाजवळच्या एका लहानशा दवाखान्यात माझं आयुष्य चाललंय.

कात्र्या, चिमटे, आम्ही सगळी भावंडं एकाच ट्रेमध्ये नांदायचो. मला वेगळं काढलं ते तलाता सिस्टरनं. आतडं फुटलं की पोटातल्या घाणीत हत्यारं बरबटतात. त्याच हत्यारांनी, त्याच हातमोज्यांनी वरची कातडी शिवली की जखम चिघळलीच म्हणून समजा. म्हणून शेवटच्या टाक्यांसाठी तिनं वाफेत उकडलेलं वेगळं गाठोडं बांधलं आणि वर आपल्या डोक्याच्या रुमालाची लाल चिंधी आवळली.

"शेवटच्या टाक्यांआधी ही गाठ कुणी सोडली, तर माझ्याशी गाठ आहे," ती म्हणायची.

"नवऱ्यालाही असंच बांधून ठेवलंय का?" डॉक्टर आयाम्गा चिडवायचे.

"त्याला उकडायचं राहिलंय अजून."

अपोका टोपल्या विणायची. तिनं टायफॉइडचा ताप अंगावर काढला आणि आतडं फुटलं. बहीण लामिसीनं तिला मोटरसायकलवर घट्ट धरून आणलं. टेबलावर नेतानाही अपोका बजावत होती, "माझ्या अर्ध्या टोपलीला हात लावू नकोस हं. तुझी वीण सैल पडते."

डॉक्टरांनी पोट धुतलं, आतड्याचं भोक बुजवलं. आता माझी पाळी होती. इतक्यात शेजारच्या टेबलावर अडलेली बाळंतीण आणली. वीज गेलेली, वाफेचं यंत्र थंड पडलेलं. स्वच्छ म्हणावं असं एवढं एकच गाठोडं उरलं होतं, आणि बाळंतिणीचं पोट उघडायला आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनीही त्यासाठीच हात पुढे केला. तलाता दोघींकडे बघत राहिली.

"तिकडे द्या, सिस्टर. मूल गुदमरतंय," आयाम्गाच म्हणाले. "मी आहे त्यातच शिवतो."

मी तिकडे गेले. बाळ रडलं. मला मात्र पाठीमागे बरबटलेल्या पकडीचा आवाज ऐकू येत होता. चूक कुणाचीच नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

वॉर्डात दोघींच्या खाटा शेजारी होत्या. बाळंतिणीचे टाके सुकले. अपोकाच्या पट्टीला वास येऊ लागला, बाजरीची पेजही तिला जाईना.

"शेजारणीचं बरं झालं, मग हिचंच का पिकलं, सिस्टर?" लामिसीनं विचारलं. "माझे हात घाण होते का?"

"तुझं काही चुकलं नाही, बाई."

तलाता अपोकाची पट्टी बदलायला वाकली. विष रक्तात भिनलं आणि अपोका गेली. त्याच दिवशी बाळंतिणीच्या नवऱ्यानं हौसेनं तलाताला गिनी कोंबडी आणून दिली. ती फडफडती कोंबडी हातात धरून तलाता दारात नुसती उभी होती. लामिसी तिच्यासमोरून बहिणीला घेऊन गेली. टोपलीला तिनं अजून हात लावलेला नाही म्हणे.

आता मी पुन्हा लाल गाठीत, फळीवर आहे. माझ्या बिजागरीला गंज धरलाय. माझं कौतुक नको, मला एक जोडीदारीण द्या, एवढंच मागणं आहे. तलाता वरच्यांकडे हेच मागून मागून थकली आणि आता तिनं मागणंही सोडलंय.

दार वाजलं. पोट धरून कुणीतरी विव्हळतंय. दुसरं काहीच उकडलेलं नाही. तलाता फळीपाशी आली, माझ्याकडे न बघता तिनं हात वर केला आणि पोट उघडायच्या आधीच आपली लाल गाठ आपल्या हातानं सोडली.