सतरंजीखालचं पेडल

नाचाचा वर्ग घेणाऱ्या बाईंनी संगणकाला पायाने हुकूम सोडायची सोय केली ती निव्वळ लबाडीसाठी, हे आधीच सांगितलेलं बरं.

त्यांचा उजवा गुडघा बोंबलायला लागला होता. आणि मदतीला असलेली धाकटी नणंद टपूनच बसलेली. "वहिनी, दमलीस का गं? तू बस, मी घेते वर्ग," हे तिच्या ओठांवर कायम तयार. एकदा आपण बसलो की ही पुन्हा उठू देणार नाही, अशी बाईंनी धास्तीच घेतली होती. रिकाम्या गोदामाची फरशी स्वतः घासून त्यांनी हा वर्ग उभा केला होता. तो हातचा गेला तर करायचं काय, डोंबल?

मग त्यांनी एक जुना कीबोर्ड उघडला. गाणं थांबवायच्या बटणाखालच्या दोन टोकांना वायरी जोडल्या, त्या दारावरच्या घंटेच्या बटणाला लावल्या आणि ते बटण दोन फळ्यांमध्ये बसवलं. मागे बिजागरी, मध्ये स्पंजचा तुकडा. कीबोर्ड गाणी वाजवणाऱ्या संगणकाला जोडून पेडल सतरंजीखाली सारलं. पाय दिला की गाणं बंद, पुन्हा दिला की चालू. स्वारी खूश!

गुडघ्यात कळ आली की बाई साळसूदपणे सतरंजीवर सरकायच्या. गाणं गप्प.

"थांबा! कोण चुकलं?"

गंमत म्हणजे कोणी ना कोणी चुकलेलं असायचंच. "बाई, माझा हात खाली राहिला." "बाई, मी उशिरा वळले." बाई उभ्या उभ्या समजावत बसायच्या, तेवढाच गुडघ्याला विसावा. बायका मात्र थक्क. काय तिखट नजर आहे हो बाईंची!

एक दिवस नणंद ऐटीत पुढे आली. "वहिनी, ही गिरकी मी दाखवते. तुला नाही झेपायची."

सगळ्यांसमोर! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नणंद ऐन गिरकीत असताना त्यांनी पेडल दाबलं.

"काय गं," त्यांनी गोड आवाजात विचारलं, "कोण चुकलं?"

नणंदेचा चेहराच उतरला. "मी. टाच टेकवलीच नाही. टेकवताच येत नाही, वहिनी. कधीची दुखतेय. तुला कळलं तर तू मला काढशील, म्हणून बोलले नाही." तिचे डोळे भरून आले.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बायकांना पाणी प्यायला बाहेर पिटाळलं, नणंदेला हाताला धरून सतरंजीपाशी नेलं, कोपरा उचलला आणि गुडघ्यासकट सगळं सांगून टाकलं.

नणंद पेडलकडे बघतच राहिली. "अगं लबाडे! म्हणजे मी आत्ता उगाचच कबूल केलं?"

"उगाच कसं? चुकलीच होतीस ना?"

दोघी तोंडावर पदर धरून हसल्या. बाईंनी सरकून तिला सतरंजीवर जागा करून दिली. "जिचं दुखेल तिने दाबायचं. ओरडायचं मात्र मी."

"का म्हणून? इतके दिवस तूच ओरडतेयस," नणंद नाक पुसत म्हणाली. "आज मी."

वर्गातलं काहीही कधी कोणाला न सोडणाऱ्या बाई क्षणभर घुटमळल्या. "बरं बाई, ओरड."

बायका आत आल्या, रांगा लागल्या, गाणं सुरू झालं. नणंदेला दम कुठला निघतोय! तिने लगेच पेडल दाबलं आणि खच्चून ओरडली, "थांबा! कोण चुकलं?"

नाच अजून सुरूसुद्धा झाला नव्हता. तरी तिघींनी हात वर केले.