काचपट्टीवरची पैज

"हरंल तिनं व्हरांड्यात सगळ्यांसमोर गाढवासारखं ओरडायचं! हाये कबूल?"

"कबूल!"

मित्रांनो, ही पैज लागली ती माझ्या जिवावर. मी एक जुनी काचपट्टी हाये, जालन्यातल्या एका दवाखान्याच्या लॅबमधली. घासून घासून कोपऱ्याचा टवका उडालेला. खिडकीत वाळत पडल्ते, अन् बाहेर वडीगोद्रीच्या दोघी शेजारणी भांडून राह्यल्त्या. साळूबाईचा नातू अन् रहिमाबीची नात लेकरांच्या वॉर्डात. आल्ते खोकल्यापायी, अन् इथं आल्यावर हगवण लागली. आज सकाळी तिसऱ्या लेकराला लागली. साळूबाईच्या नातवाचे तर डोळेच खोल गेल्ते.

"नळ घाण हाये इथला," साळूबाई म्हणाली.

"नळ न्हाई, तुझी सहाण!" रहिमाबी म्हणाली. "घुटी उगाळती अन् खाटोखाट चाटवत फिरती."

"मायेनं देती गं मी!"

तेवढ्यात लॅबवाली शबनम खिडकीत आली. नळावरून अन् सहाणेवरून तिनं कालच कापूस फिरवून नेल्ता. "थांबा जरा. आता जात बघते, मंग कळंल."

साळूबाई भडकली. "आमची जात कशाला पाह्यजे तुला?"

"तुमची न्हाई मावशी, जंतूची!"

मला असं हसू आलं म्हणता, तडकता तडकता वाचले.

ज्या जातीचा जंतू, त्या जातीचं सिरम, म्हंजी जंतू ओळखायचं औषध. दोघांची गाठ पडली की थेंबात दूध फाटल्यावाणी दाणे धरतात. नातवाचे जंतू माझ्या एका बहिणीवर घेतले, तिथं दाणे धरले. नळाचे दुसरीवर. तिथं थेंब बिलकुल सपाट. "नळात ही जात न्हाई," शबनम म्हणाली.

"बघ! काढ आता आवाज!" रहिमाबी खिडकीतून ओरडली. मीबी मनात दात काढले.

सहाणेचे जंतू माझ्या वाट्याला आले. एका टोकाला पडताळ्यापुरतं नुसतं मिठाचं पाणी, दुसऱ्या टोकाला तेच नातवावालं सिरम. शबनमनं मला हळूहळू डोलवलं. मिठाचं पाणी तसंच राह्यलं. सिरमच्या थेंबात दाणे धरले.

माझं हसू जिरलं.

"मावशी," शबनम खाली बघत म्हणाली, "लेकराचं धुतल्यावर साबण लावत व्हता का?"

साळूबाई नुसती हाताकडं बघत राह्यली.

काम झालं की मला जंतू मारायच्या औषधाच्या बादलीत टाकतात. शाबासकी डॉक्टरला, मला बादली. त्याचं मला काही न्हाई. पण मित्रांनो, दाणे माझ्यावर दिसायच्या आधी हात धुवा रे. मी फक्त जात सांगते, लेकरू बरं करत न्हाई. नातवाला सलाईन चालूच व्हतं.

बादलीतून मला व्हरांडा ऐकू आला.

"जाऊ दे बाई, हसण्यावारी बोलले मी," रहिमाबी म्हणत व्हती.

"न्हाई. कबूल ते कबूल. ऐका गं समद्या, माझ्या हातची घुटी आता कुणी मागू नका!"

अन् ती ओरडली. लोक खदाखदा हसले. दुसऱ्या वेळी आवाज मधीच फाटला, रडण्यात गेला. हसणं बंद पडलं.

मंग दुसरा आवाज आला. रहिमाबी ओरडून राह्यल्ती, गाढवासारखी, गळा काढून.

"तू कशाला गं? तू तर जिंकली," साळूबाई हुंदक्यात म्हणाली.

"माझ्या नातीलाबी दे, असं तुझ्यामागं कोण लागल्तं? मीच ना?"

अन् दोघी मिळून पुन्हा ओरडल्या.