सोप्या वाटेची लागली वाट

माझा मुलगा लिफ्ट विकतो. दुसऱ्यांच्या इमारतींना. माझ्या इमारतीला तीन मजल्यांचा जिना आहे. मुलगा आमच्या सोसायटीला लिफ्टचं कोटेशन देतो, सोसायटी त्याला चहा देते, आणि कित्येक वर्षं दोघांचं छान चाललंय.

माझ्या गुडघ्याची वाटी बदलली तेव्हापासून मात्र त्याला एकच ध्यास. लिफ्ट वर जात नाही तर आईला खाली आणायची. खाली म्हणजे त्याच्या बंगल्यातल्या तळमजल्याच्या खोलीत. त्या खोलीत सध्या पळायचं यंत्र आहे. त्याच्यावर कोणी पळत नाही, सूनबाई टॉवेल वाळत घालते. यंत्र हलवलं की तिथे मी. ‘मग टॉवेल कुठे वाळत घालणार?’ असं मी विचारलं, तर म्हणे, ‘आई, विषय बदलू नकोस.’

मी विषय बदलत नव्हते. माझं तिसऱ्या मजल्यावरचं घर माझ्या नवऱ्याने आणि मी रंग लावलेलं, त्याच्या कुलपाची किल्ली माझ्या हातात. त्यात मी मध्यरात्री उठून भांडी घासली तरी कोणी ‘आई, बरं वाटतंय ना?’ विचारत नाही. ते सोडायचं म्हणजे मला मुळासकट उपटून कुंडीत लावणं झालं.

शेवटी एकदा तोंडातून निघून गेलं, ‘चालून दाखवू का?’

‘दाखव,’ तो म्हणाला.

गावाबाहेर पाणथळ जागेचं राखीव क्षेत्र आहे. पूर्वी त्याला चिखल म्हणायचे. आता तिकीट लावलंय, म्हणून पाणथळ. तिथे फिरायला वाटा केल्यात. ठरलं असं, की त्यातली सोपी वाट मी कोणाचा हात न धरता आणि कुठेही न बसता पुरी केली, तर घर सोडायचा विषय कायमचा बंद. नाही केली, तर टॉवेल दुसरीकडे आणि मी यंत्राच्या जागी.

साक्षीला वन्संना घेतलं. वन्सं म्हणजे माझी नणंद. त्या गेल्या वर्षी स्वतःचं घर मोडून लेकाच्या तळमजल्यावर गेल्या आणि तेव्हापासून त्या तळमजल्याची जाहिरात करत हिंडतात. ‘वहिनी, अगदी सुख हो. काही म्हणजे काही करावं लागत नाही.’

‘करू देत नाहीत असं ऐकलं मी,’ मी म्हणाले. त्यावर त्यांनी काठीची मूठ रुमालाने पुसली.

फाटकाशी पाटी होती. मला वाचायला वेळ लागतो, पण एकदा वाचलेलं मी सोडत नाही. ‘सोपी वाट. ज्येष्ठ नागरिक, लहान मुले व बाबागाड्यांसाठी योग्य.’

‘मी बाबागाडीत बसते का रे?’ मी मुलाला विचारलं.

‘आई, ती नुसती माहिती आहे.’

‘माहिती नाही, अपमान आहे. रंगवून लावलेला.’

वाट मात्र छान होती, खोटं कशाला बोलू. पाण्यावर लाकडी फळ्या, दोन्ही बाजूंना कठडा, खांबांवर हिरवे बाण. आणि जागोजागी बाक. ही वाट बांधणारा माझ्या मुलाचा मित्रच असावा. प्रत्येक बाक आला की सूनबाई गोड आवाजात म्हणायची, ‘आई, जरा टेकायचं का? बसायचं नाही, नुसतं टेकायचं.’ ती दातांची डॉक्टर आहे. दाढ उपटतानाही ती असंच बोलते.

‘टेकणं ही बसण्याची धाकटी बहीण,’ मी म्हणाले आणि पुढे निघाले.

उथळ पाण्यात एक पक्षी उभा होता. बोटभर अंग आणि त्याखाली हातभर गुलाबी काड्या. ‘शेकाट्या म्हणतात ह्याला,’ सूनबाईने मोबाईलमध्ये बघून सांगितलं. मी एकदा पक्ष्याच्या पायांकडे बघितलं, एकदा वन्संच्या.

‘बोला वहिनी, बोला एकदाचं,’ वन्सं म्हणाल्या.

‘मी कुठे काय म्हटलं? पक्षी देखणा आहे.’

पुढे वाट फुटली. खांबावर दोन बाण, हिरवा सोप्या वाटेचा आणि पिवळा दुसऱ्या कुठल्या तरी. तिथे मुलाने फोन लावला आणि माझ्याकडे पाठ केली. लिफ्ट विकणाऱ्याचा आवाज. हळू बोलला तरी वरच्या मजल्यापर्यंत पोचतो. ‘हो, चाकांची खुर्ची आत पाठवून द्या. आमची आई आहे. नाही हो, पूर्ण कसली करतेय!’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ‘येते मी,’ मी म्हणाले.

आता आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. जाते म्हटलं की माणूस कायमचं गेलं. म्हणून जाणाराही ‘येते’ म्हणतो. मी ‘येते’ म्हणाले म्हणजे निघाले, तुमचं तुम्ही बघा. त्यांनी काय ऐकावं? तुम्ही व्हा पुढे, मी मागून येतेच आहे! तिघं हिरव्या बाणाने चालू लागली. एकाने मागे वळून बघितलं असेल तर शपथ.

मी पिवळ्या बाणाने गेले. त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘मध्यम’. शाळा माझी तिसरीत सुटली. मध्यम हा शेरा मला कधी मिळालाच नव्हता. म्हटलं, आज घेऊन टाकू.

मध्यम वाटेला फळ्या नव्हत्या. मातीचा बांध, दोन्हीकडे माणसापेक्षा उंच लव्हाळे, मध्ये कुठे कुठे चिखल. सूनबाईने आणलेले नवे बूट पावलागणिक जड व्हायला लागले. एक ओंडका आडवा होता. तो ओलांडायला पाय उचलला, तर ओंडका म्हणाला, ‘श्श!’

अंगावर पाला बांधलेला, कॅमेरा घेतलेला माणूस होता तो.

‘मला श्श?’ मी म्हणाले. ‘माझ्या नवऱ्याची कधी हिंमत झाली नाही.’

‘आजी, पाणकोंबडीची पिल्लं आहेत. हळू बोला.’

‘पिल्लांना सांग, आईचं ऐकत जा. नाहीतर मोठी होऊन खुर्च्या मागवतात.’

हे बोलण्याच्या भरात पाय घसरला आणि मी आडवी झाले. बसले नाही, आडवी झाले. हे नीट लक्षात ठेवा, पुढे ह्याच्यावर वाद आहे. कॅमेरावाल्याने घाईने हात पुढे केला.

‘हात नको, पैज आहे.’

मग मी त्याच्या कॅमेऱ्याच्या तिवईला धरून उठले. तिवईला पाय असतात, हात नसतात. गुडघा आतून काहीतरी बोलला. मी त्याला श्श केलं.

तेवढ्यात लव्हाळ्यांपलीकडून हाका यायला लागल्या. ‘आई! आई ग!’ पिवळी वाट वळून पुन्हा फळ्यांपाशीच येत होती. मी बाहेर आले तर कठड्याशी मुलगा उभा, चेहरा पांढराफटक. लहानपणी जत्रेत हरवला होता तेव्हा असाच दिसला होता. माझं काळीज जरा हललं, पण तेवढ्यात त्याने मला चिखलाने माखलेली बघितलं, आणि वळसा घालून येण्याऐवजी कठड्यावरून सरळ उडी मारली.

आयुष्यभर माणसांना वर नेणारा माझा मुलगा थेट खाली गेला. मांडीपर्यंत.

‘हलू नकोस!’ माझ्या मागोमाग आलेला कॅमेरावाला ओरडला. अर्थातच तो हलला, आणि आत काहीतरी मुरगळून किंचाळला. पाणकोंबडी पिल्लांसकट निघून गेली. मग एका बाजूने वन्संची काठी, दुसऱ्या बाजूने तिवई, मागून सूनबाई ‘दुखणार नाही, दुखणार नाही’ म्हणतेय, असं करून आम्ही त्याला उपटला. एक बूट आतच राहिला. घोटा बघता बघता वांग्यासारखा झाला.

आणि त्याच वेळी फळ्यांवरून खडखड करत रखवालदार आला, चाकांची खुर्ची घेऊन. ‘साहेब, तुम्हीच फोन केला होता ना? आजीबाई कोणत्या?’

मी खुर्ची मुलापुढे ओढली.

‘बस,’ मी मुलाला म्हणाले. ‘नुसतं टेकायचं असेल तर टेक.’

उरलेली सोपी वाट मी खुर्चीच्या पुढे पुढे चालले. तो बसल्या बसल्या कायदा काढत होता. ‘आई सोपी वाट पूर्ण चाललीच नाही. मधला तुकडा गाळला. शिवाय चिखलात बसली.’

‘आडवी झाले.’

‘एकच ते!’

वन्संनी काठी फळीवर आपटली. ‘साक्षीदार मी आहे. आडवं होणं म्हणजे बसणं नव्हे. अवघड वाट चालली तिला सोपी माफ. आणि सोप्या वाटेवर बसलंय कोण, ते मला दिसतंय.’

विषय बंद झाला. तो हसला शेवटी, दुखत असूनही. फाटकाशी पोचलो तेव्हा म्हणाला, ‘पण ह्यापुढे येते म्हणालीस तर नक्की येणार की जाणार, ते सांगत जा.’

गाडीपाशी वन्संनी मला बाजूला ओढलं. इकडे तिकडे बघून म्हणाल्या, ‘वहिनी, तुमच्याकडे एक पलंग जास्तीचा आहे ना?’

‘आहे. का? तळमजल्याचं सुख उतू गेलं?’

‘एकदा स्वतःच्या हाताने चहा करून प्यायचाय हो. गॅसपाशी फिरकू देत नाहीत.’

मला टोमणा सुचला होता, चांगला होता. गिळला.

संध्याकाळी मुलाने आम्हा दोघींना माझ्या इमारतीखाली सोडलं. घोट्यामुळे तो वर येऊ शकत नव्हता, सूनबाई गाडीच्या स्टिअरिंगशी बसलेली. आम्ही ताठ मानेने जिना चढायला लागलो. पहिला मजला ताठ मानेने, दुसरा नुसत्या मानेने. तिथल्या वळणावर मी वन्संकडे बघितलं, वन्संनी माझ्याकडे. दोघी पायरीवर बसलो. गुडघा उशीएवढा सुजला होता.

खालून हाक आली. ‘आई! पोचलात का?’

‘केव्हाच!’ आम्ही दोघी एकदम ओरडलो.

‘बरं, येतो मी!’

वन्सं दचकून अर्ध्या उठल्या. मी त्यांना ओढून खाली बसवलं.

‘बसा हो. जातोय तो.’