चोथ्याचा वास

राग माझ्या नाकावर आणि बाबांची सगळी अक्कल त्यांच्या नाकात, असं आई म्हणायची. ते खोटं नव्हतं. कोणती मेंढी आजारी आहे, कोणत्या पेंढ्याला आतून बुरशी धरली आहे, हे बाबा नुसत्या वासावरून सांगायचे. मी लहान असताना मूठभर चारा माझ्या नाकाशी धरून म्हणायचे, "सांग." मी सांगायचे आणि बहुतेकदा चुकायचे.

या वर्षी कुरण वाळून गेलं. मी कामाला आहे त्या रसाच्या कारखान्यात सफरचंदाचा चोथा ढिगांनी निघतो. तो आणून पेंढ्यात मिसळला, खड्ड्यात भरला. आम्ही दोघांनी तुडवून तुडवून हवा काढली, वर प्लास्टिक पसरून जुने टायर ठेवले. चारा मुरून त्याचा मुरघास व्हायला चाळीस दिवस लागतात, तोवर हात लावायचा नाही. "झाकली मूठ सव्वा लाखाची," मी बाबांना बजावलं. ते हसले. तेरा गाभण मेंढ्यांचा अख्खा हिवाळा त्या एका खड्ड्यात होता. दुसरा चारा कुठेच नव्हता.

खड्डा उघडला तेव्हा आंबटगोड वास पार रस्त्यापर्यंत गेला. शेजारीण म्हणाली, "मेंढ्यांना दारू पाजताय की काय?" मी जरा फुशारलेच. मग रोज मी कामावर जायचे आणि बाबा टोपल्या भरून गव्हाणीत टाकायचे.

तिसऱ्या आठवड्यात कानतुटी मेंढी एकाच जागी गोल गोल फिरायला लागली. दोन दिवसांत गेली, पोटातल्या कोकरासकट.

जनावरांच्या डॉक्टरांनी खड्डा पाहिला. एका कोपऱ्यातले टायर सरकलेले होते. "हा कोपरा कुणीतरी उघडत होतं. हवा लागून कुजलाय, तोच खाऊन मेंढी गेली. बाकीचा चांगला आहे, पण प्रत्येक टोपली वास घेऊन काढा. दिसायला सगळा सारखाच दिसतो."

ते गेल्यावर मी बाबांवर तुटून पडले. "चाळीस दिवस दम धरवला नाही तुम्हाला? आणि एवढी घाण येतेय, तुम्हाला वास येत नाही?"

"नाही येत," बाबा म्हणाले.

मला वाटलं, उलट बोलताहेत. मग त्यांचा चेहरा पाहिला.

"मागच्या तापापासून कसलाच येत नाही. म्हटलं, चोथ्याचा वास उग्र, हा तरी येईल. म्हणून रोज सकाळी कोपरा उचलून बघायचो."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर मेंढ्या विकायला काढल्या असत्यास."

काढल्या असत्या. मला माझीच लाज वाटली. त्यांची कीवही आली, आणि ती त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच टोपली शोधायला वळले.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी आम्ही दोघं खड्ड्यात उतरलो. बारा मेंढ्या कुंपणाशी येऊन ओरडत होत्या. बाबांनी मूठभर मुरघास काढला, सवयीने स्वतःच्या नाकाकडे नेला आणि मध्येच थांबले. मग ती मूठ त्यांनी माझ्या नाकाशी धरली.

"सांग."

मी दोनदा वास घेतला. आता चुकायची सोय नव्हती.

"चांगला आहे, बाबा. घाला."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. टोपली भरायला घेतली.