भिंतीवरून मांडीवर

मी एक प्रमाणपत्र बोलतोय. हसू नका. जाड कागद, सोनेरी किनार, खाली दोन सह्या. त्यातली एक कुणालाच वाचता येत नाही, म्हणजे ती मोठ्या माणसाचीच असणार. 'कथालेखनाचा पायाभूत अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल' असं माझ्या अंगावर छापलंय. आणि माझा मुक्काम कुठे, तर ब्यूटी पार्लरमध्ये, केस धुवायच्या बेसिनच्या वर.

माझा जन्म एका प्रश्नातून झाला. या पार्लरच्या ताई गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावला की तो मुरेपर्यंत स्टुलावर बसून गोष्ट लिहायच्या आणि लगेच वाचून दाखवायच्या. डोक्याला रंग आणि गळ्यात टॉवेल असलेली बाई जाणार तरी कुठे? पण खरं सांगायचं तर कुणाला जायचंच नसायचं. गोष्टही तशीच होती. एकमेकींचं तोंड न पाहणाऱ्या दोन विहिणी नातवाला बघायला दवाखान्यात जातात आणि नेमक्या एकाच लिफ्टमध्ये अडकतात.

गोष्टीत लिफ्ट अडकली आणि त्याच दिवशी रंग लावून बसलेल्या, कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "छान लिहिता हो ताई. याचा कोर्स वगैरे केलाय का?"

ताईंची नजर भिंतीवर गेली. तिथे त्यांचं केशरचनेचं प्रमाणपत्र होतं. ते मिळेपर्यंत त्यांनी कुणाच्या केसाला कात्री लावली नव्हती. त्या विनातिकीट पकडल्यासारख्या ओशाळल्या. "नाही हो. तशीच लिहीत होते आजवर," म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं.

मग त्यांनी रीतसर कोर्स केला आणि मी आलो. नवऱ्याने खिळा ठोकला, मला टांगलं आणि म्हणाला, "झालीस बाई अधिकृत." मी असा फुगलो की काच तडकायचीच बाकी होती.

शेजारचं जुनं प्रमाणपत्र पिवळं पडलेलं आणि खवचट. ते म्हणालं, "माझं एक ठीक आहे. रंगात औषध जास्त पडलं तर बाईचं डोकं भाजतं. तुझ्यावाचून कुणाचं काय भाजणार होतं रे?"

उलट मी आल्यापासून ताईंचं लिहिणं थांबलं होतं. एक ओळ लिहायच्या, मान वर करून माझ्याकडे बघायच्या आणि ओळ खोडायच्या. गिऱ्हाइकं विचारायची, "लिफ्ट सुटली का?"

"अजून दोघींचा अंतर्गत संघर्ष पक्का होत नाहीये."

"अहो, तोवर बाळ चालायला लागेल."

शेवटी एक दिवस ताई नवऱ्याला म्हणाल्या, "शिकल्यावर कळलं, मला काही येत नाही. राहू देत त्या विहिणी आतच." आणि पेन अंबाड्यात खोचलं ते खोचलंच. मला फार वाईट वाटलं. मी त्यांना शाबासकी द्यायला आलो होतो आणि त्यांच्या मानगुटीवर बसलो होतो.

पुढे मॅडम पुन्हा रंग लावायला आल्या. बसल्या बसल्या त्यांनीही लिफ्टचं विचारलं.

ताई म्हणाल्या, "लिहायचं सोडलं मी. तुम्ही विचारलंत म्हणून कोर्सही केला, पण नाही जमत."

मॅडम गोऱ्यामोऱ्या झाल्या. "अहो, मी आपलं बोलायला विषय म्हणून विचारलं होतं. रंग लावून बसलेलं माणूस काहीतरी विचारणारच ना?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माझं आणि माझ्या विहिणीचंही असंच आहे. बोलणंच नाही. दार उघडेपर्यंत त्या एकमेकींशी काय बोलतात, ते मला कळायला हवं ताई."

मग मॅडम तशाच, कानांवर रंगाचे ओघळ घेऊन उठल्या, मला खिळ्यावरून काढलं आणि ताईंच्या मांडीवर पालथं घातलं. "हे घ्या टेकायला. लिहा."

"मॅडम, प्रमाणपत्र आहे ते."

"मग येऊ दे की कामाला."

माझं नाक ताईंच्या एप्रनमध्ये. मला दिसत काही नव्हतं, पण पाठीवर पेन कळत होतं. आधी अडखळत, मग जे सुटलं ते थांबेना. मला गुदगुल्या झाल्या. मग ताईंनी वाचलं. एक विहीण पिशवीतून डबा काढते आणि दुसरीकडे न बघता म्हणते, "दोघींना पुरेल." बस, एवढंच. ऐकताना मॅडमच्या डोळ्यांतलं पाणी आणि गालावरचा रंग एक झाला.

या नादात रंग धुवायचा राहिला. मॅडमचे केस कोळशासारखे झाले, कानही झाले. "गेली माझी अब्रू," जुनं प्रमाणपत्र भिंतीवरून कण्हलं. मॅडमना त्याचं काही नव्हतं. त्या काळ्या कानाला फोन लावून दाराबाहेर उभ्या होत्या आणि पलीकडून कुणी उचलायची वाट बघत होत्या.

आता माझी काच निघालीय. अंगावर रंगाचे अंगठे उमटलेत आणि ती न वाचता येणारी सही तर पुरती बुजली. चालायचंच. एकच विनंती आहे, मला पुन्हा खिळ्यावर चढवू नका. मांडीवर मी बरा आहे.

आज मॅडमची वेळ आहे. सोबत अजून एक बाई येणार आहेत म्हणे, त्यांनाही रंग लावायचाय. ताईंनी दोन खुर्च्या शेजारी शेजारी ओढल्यात आणि अंबाड्यातलं पेन काढून माझ्यावर ठेवलंय.