दारावरचा सख्खा भाऊ

आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात आणि दर गुरुवारी संध्याकाळी बंधुसंघाच्या दारावर उभे राहतात. संघात मानाच्या सात पायऱ्या. थोरले दीर सातव्या पायरीवर, शिवाय सर्वोच्च मंडळाचे अध्यक्ष. आत ते फर्निचरवाल्यापासून दंतवैद्यापर्यंत सगळ्यांना ‘प्रिय बंधू’ म्हणतात. सख्खा भाऊ तेवढा पहिल्या पायरीवर, म्हणजे दाराबाहेर.

ह्यांची एकच इच्छा होती, एकदा तरी आत दादाच्या शेजारी बसायचं. मी नाक मुरडायची, पण कोटाला इस्त्री मीच करून द्यायची.

पहिल्या पायरीवरचे बाकीचे एकेक करून वर चढले. नवीन कुणी येईना. शेवटी मंडळाला ह्यांची दया आली आणि दुसरी पायरी मिळाली, निळ्या पट्ट्यासकट. पुढच्या गुरुवारी हे ऐटीत दादाच्या शेजारी जाऊन बसले. सगळे आपापल्या जागी बसले. सभा काही सुरू होईना.

सभा उघडायची तर पहिल्या पायरीच्या बंधूनं बाहेरून दार ठोठावावं लागतं. आणि पहिल्या पायरीवर आता कुणी उरलंच नव्हतं. नवा माणूस घ्यायला सभा हवी, नियम बदलायलाही सभाच हवी. इतक्या शहाण्यांत हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

सभेतलं गुपित ठेवायचं असतं, पण ती उघडलीच नव्हती, म्हणून मला हे सगळं कळलं. नुसतं बसून काय करायचं, म्हणून थोरल्या दिरांनी ह्यांना विचारलं, “आईचा गुडघा कसा आहे रे?”

सासूबाई आमच्याकडे असतात. हे म्हणाले, “जिना उतरवत नाही तिला आता.”

“आणि दुकान?”

“चाललंय बरं.”

एवढंच बोलणं. पण मला सांगताना ह्यांचा चेहरा फुलला होता.

तेवढ्यात दंतवैद्यांना एक कलम आठवलं. स्वखुशीनं खाली उतरायला सभा लागत नाही. सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. थोरल्या दिरांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “बाळ्या, माझ्यासाठी.”

ह्यांनी पट्टा काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि बाहेर जाऊन दार ठोठावलं.

“तुम्हीच का? दुसरं कुणी उतरलं असतं तर काय बिघडलं असतं?” मी विचारलं.

“किती वर्षांनी बाळ्या म्हणाला गं दादा.”

मी भांडी आदळली. इतका राग आला की रडूच आलं.

काल थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. आतलं बाहेर सांगायचं नसतं, पण त्यांच्या पोटात काही राहत नाही. त्या दिवशी सभा उघडल्यावर पहिला ठराव ह्यांच्या बंधुभावाच्या कौतुकाचा झाला म्हणे. सगळे उभे राहिले, थोरले दीर गहिवरले. पहिल्या पायरीला आतलं काही कळवायचं नसतं, म्हणून ह्यांना कुणी काही सांगितलं नाही.

मीही सांगितलेलं नाही. सांगितलं तर हे खूश होतील, आणि ते मला बघवणार नाही.