धाकटीची हरवलेली नाडी

पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो घरातल्या धाकट्या सुनेचं मनगट चाचपायचा, नाडी लागत नाही म्हटल्यावर डोळे विस्फारायचा आणि हात जोडायचा. महिन्यापूर्वी ती दुकानात चक्कर येऊन पडली होती. बुवा नेमके तिथेच. त्यांनी नाडी बघितली, "गेली!" म्हणाले, काहीतरी पुटपुटले, आणि ही उठून बसली.

"नाडी यमाकडे राहिली, बाई मी परत आणली!" तिचा हात खालून धरून बुवा गर्जत होते. "हिचे प्राण माझ्या मुठीत आहेत!"

स्वयंपाकघराच्या दारातून थोरली जळत होती. अगदी उघड जळत होती. इतकी वर्षं या घरात राबून तिला काय मिळालं? 'आमटीत मीठ कमी आहे.' आणि ही बया नुसती चक्कर येऊन पडली, तर देवी झाली!

तेवढंच असतं तर थोरली गप्प जळली असती. पण सासूबाईंनी तिच्या लेकीच्या फिटच्या गोळ्या बंद केल्या. "घरात असा हात असताना गोळ्या कशाला?" आज सकाळी पोरीला पुन्हा फिट आली. थोरलीने तडक डॉक्टरीणबाईंना आणलं. पोर सावरल्यावर ती त्यांच्या कानाशी लागली, "आता धाकटीचं ढोंग बाहेर काढा."

डॉक्टरीणबाईंनी धाकटीच्या मनगटावर बोटं टेकवली. "लागत नाही खरी."

बुवा फुलले. थोरलीचं तोंड उतरलं.

"पण बुवा, हात खालून कशाला धरलाय? सोडा बघू."

"तिला आधार लागतो."

"तो मी देते."

त्यांनी हात पालथा केला, अंगठ्याच्या मागच्या बाजूने बोटं सरकवली आणि थोरलीला बोलावलं. "इथे बोट ठेवा."

थोरलीने ठेवलं. बोटाखाली चांगली ठणठणीत नाडी उडत होती.

"ही रक्तवाहिनी बहुतेकांच्या मनगटात पुढून जाते. काहींची मनगटाच्या आधीच हाताच्या मागच्या बाजूला वळते. हातातल्या रक्तवाहिन्या, नसा सगळ्यांच्या एका साच्यातल्या नसतात. हा आजार नाही, चमत्कार तर नाहीच. जिथे नाडी नाही ती जागा बुवा तुम्हाला दाखवायचे, आणि जिथे आहे ती स्वतःच्या पंजाखाली झाकायचे."

'बघा, मी म्हणत नव्हते?' थोरलीच्या ओठांवर आलंच होतं. तेवढ्यात धाकटीने तिचा हात घट्ट धरला.

"ताई, म्हणजे मी जिवंत आहे ना? मला झोपायची भीती वाटते हो. बुवा म्हणाले, त्यांनी मूठ उघडली की मी संपले."

थोरलीला स्वतःची लाज वाटली. महिनाभर आपण जिच्यावर जळलो, ती भीतीने अर्धी झाली होती.

बुवा चपला शोधत होते. डॉक्टरीणबाई गर्दीकडे वळल्या. "तुमच्यातल्या एकाने तरी हिच्या छातीला कान लावला? कुणी 'इथे नाही' म्हटलं, तर दुसरीकडे शोधा, विचारा. आणि लेकराचं औषध असल्या बोलण्यावर बंद करू नका."

माना डोलल्या. पण आता सगळ्यांनाच ती नवी जागा चाचपायची होती, सासूबाईंना सगळ्यांच्या आधी. थोरली धाकटीच्या पुढे उभी राहिली.

"पुरे झालं! व्हा बाहेर. झोपू द्या तिला."